पदकाच्या कडेवरचं नाव

गेली सात-आठ वर्षं मला जुनी लष्करी पदकं बघण्याचा नाद लागला आहे. जमवण्याचा नाही, तेवढी ऐपत नाही. नुसतं बघण्याचा. छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या आसपास किंवा जवळपासच्या एखाद्या गावात कुणाच्या घरी पणजोबांचं मेडल आहे असं कानावर आलं की मी ओळख काढतो, जातो, चहा घेतो आणि हळूच विषय काढतो. मग ट्रंकेतून, देवघरातून किंवा साडीच्या घडीतून ते बाहेर येतं. घरचे लोक कौतुकाने दर्शनी बाजू दाखवतात. तिच्यावर राणीचं किंवा राजाचं डोकं असतं. मी ते हातात घेतो, आडवं धरतो आणि त्याची कड बघतो.

त्या अरुंद कडेवर बारीक अक्षरं असतात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पदकावरचं बाकी सगळं सरकारचं असतं : चेहरा सरकारचा, सिंह सरकारचा, लढाईचं नाव सरकारने ठरवलेलं. शिपायाची म्हणाल तर एवढी एकच ओळ.

हा लेख त्या ओळीबद्दल आहे. ती पदकावर कधी आली, कुणाच्या वाट्याला आली, कुणाच्या आली नाही. आणि परक्या राजाने दिलेल्या या चकतीचं आज तुम्ही-आम्ही करायचं काय, याबद्दलही.

पदकाच्या आधी

साध्या लढवय्याची आठवण ठेवायची रीत आपल्याला इंग्रजांनी शिकवलेली नाही. मराठवाड्यातल्या जुन्या गावांमध्ये फिरा. देवळामागे, पारावर, वेशीजवळ कप्पे पाडून कोरलेली एखादी शिळा दिसेल. ती वीरगळ. खालच्या कप्प्यात लढाई, कधी पळवून नेलेल्या गाई सोडवताना पडलेला वीर. मधल्या कप्प्यात त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

काही वीरगळांवर शिलालेख असतात, पण बहुतेकांवर नाव नसतं. शिळा उभी केली तेव्हा तो कोण हे सगळ्या गावाला माहीत होतं, लिहायची गरज नव्हती. पुढे पिढ्या गेल्या. आता लोक तिला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, पण हा कुणाचा कोण हे कुणालाच सांगता येत नाही. कीर्ती राहिली, माणूस हरवला.

मराठेशाहीत शौर्याची पावती वेगळ्या रूपात मिळायची. वस्त्रं, सोन्याचं कडं, कंठी, तुरा, घोडा. मोठ्या सरदाराला हत्ती, पालखी, इनाम गाव. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या स्वारीनंतरची हकिकत आहे. पडलेल्या लोकांच्या मुलांना चाकरीत घेतलं, ज्यांना मूल नव्हतं त्यांच्या बायकांना निम्मं वेतन बांधून दिलं, जखमींना जखम पाहून होन दिले. मला ही नोंद कड्या-तोड्यांपेक्षा मोलाची वाटते. अडीनडीला कडं मोडता येतं, पण बांधून दिलेल्या वेतनावर घर चालतं.

पदक ही कल्पना निराळी. धातूची चकती, अंगावर मिरवायची. बाजारात तिची किंमत थोडी आणि मान मोठा. आधुनिक अर्थाने ही चीज आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आली. आणि ती सुरुवातीला ज्यांच्या गळ्यात पडली ते शिपाई मराठ्यांशी लढून आलेले होते.

पिवळ्या दोऱ्यातलं दख्खन मेडल

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीने एक धाडसी बेत केला. बंगालची फौज समुद्रमार्गे न आणता काल्पीहून मध्य हिंदुस्थान तुडवत पश्चिम किनाऱ्याकडे चालवत आणली. १७७८ साली निघालेली ही फौज गॉडर्डच्या हाताखाली १७७९च्या सुरुवातीला सुरतेला पोचली. त्यातले शिपाई उत्तर हिंदुस्थानातले. घरापासून शेकडो कोस लांब, अनोळखी मुलूख, आणि पुढे गुजरात-कोकणातल्या लढाया.

हे शिपाई परत गेल्यावर, १७८४ साली, कंपनीच्या कलकत्ता सरकारने त्यांच्यासाठी पदक काढलं. त्याला दख्खन मेडल म्हणतात. कंपनीने हिंदुस्थानी शिपायांना दिलेलं हे पहिलं पदक. गोऱ्या सैनिकांना ते मिळालं नाही, ते फक्त देशी शिपाई आणि अंमलदारांसाठी होतं. वरच्यांना सोन्याचं, खालच्यांना चांदीचं. पिवळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचं. एका बाजूला शस्त्रांच्या ढिगाऱ्यावर बसलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर.

शिपायाचं नाव मात्र कुठेच नाही. मला वाटतं कंपनीच्या डोक्यात तेव्हा दरबारी बक्षिसाचीच कल्पना होती. मालकाने खूश होऊन गळ्यात काहीतरी घालायचं, चाकराने मुजरा करायचा. घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवायची त्यात गरज नसते.

पुढचं मोठं पदक १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईचं, टिपू सुलतान पडला तिचं. निजामाची फौजही त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होती. हे पदक इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या टांकसाळीत पाडलं आणि १८०८ साली वाटलं. त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबतोय असं चित्र आहे. चित्र सगळ्यांना सारखंच, पण धातू पाच. सेनापतींना सोनं. त्यांच्या खालच्या बड्या अधिकाऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. कॅप्टन-लेफ्टनंटना चांदी. हवालदार-नाईकांना कांस्य. आणि साध्या शिपायाला, तो गोरा असो की काळा, कथील. आपल्याकडे कल्हईवाला भांड्यांना लावायचा, तेच. तटावर चढताना गोळी सगळ्यांना एकाच धातूची लागते, पदक मात्र हुद्दा बघून धातू बदलत होतं.

असईची अठ्ठेचाळीस वर्षं

आता आमच्या भागाकडे येऊ. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला असई नावाचं गाव आहे. जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडला. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची दाणादाण उडवली. कंपनीच्या बाजूचे सव्वाचारशेवर लोक ठार झाले आणि अकराशेहून जास्त जखमी. शेवटी मैदान इंग्रजांनी मारलं.

जिंकणाऱ्या फौजेत मद्रासचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांना लढाईचं पदक मिळालं १८५१ साली. अठ्ठेचाळीस वर्षांनी!

या पदकाचं नाव आर्मी ऑफ इंडिया मेडल. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी ते होतं, आणि प्रत्येक लढाईच्या नावाची एक आडवी चांदीची पट्टी फितीवर बसवलेली असे. अलीगड, दिल्ली, असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव. या पट्ट्या ओळीने वाचल्या तर मराठी सत्ता कशी संपली तेच वाचल्यासारखं होतं. अट एकच : मानकरी जिवंत हवा. मेलेल्याच्या बायकामुलांना काही नाही. असईत विशीत असलेला शिपाई १८५१ला सत्तरीच्या घरात. कुठल्यातरी खेड्यात बसलेल्या त्या म्हाताऱ्यापर्यंत बातमी जायची, त्याने दावा करायचा, तो मंजूर व्हायचा. किती जणांना जमलं असेल? देशी शिपायांची ही पदकं आज फार थोडी सापडतात, यात नवल नाही.

पण या पदकात एक गोष्ट घडली. कडेवर नाव आलं. गोऱ्या मानकऱ्यांची नावं ठसठशीत मोठ्या अक्षरांत, देशी शिपायांची वळणदार अक्षरांत. अक्षरातही पंक्तिभेद होता, पण नाव होतं.

आणि शिंद्यांचे गोलंदाज? असईला शेवटपर्यंत तोफा न सोडता तिथेच कापले गेले ते लोक? त्यांच्या शौर्याची साक्ष शत्रूच्या कागदपत्रांत आहे, पण त्यांना कुठलीच कड मिळाली नाही. हरलेल्या बाजूची पदकं कोण पाडणार?

'कोरेगाव' असं लिहिलेल्या पट्टीची गोष्ट याहून बोचरी आहे. १ जानेवारी १८१८च्या त्या लढाईत कंपनीच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. जयस्तंभावर कोरलेल्या नावांमध्ये 'नाक' हा प्रत्यय लागलेली नावं आजही वाचता येतात. १८५१ला त्या लढाईचं पदक निघालं. आणि १८९०च्या दशकात 'लढाऊ जमाती'चं खूळ घेऊन सरकारने महारांची भरतीच बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकरांसारख्या माणसांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. आजोबाची छाती पदकाला चालत होती, नातवाची गणवेशालासुद्धा चालेना. पदक म्हणजे कायमचा मान नव्हे, हे त्या घरांना तेव्हाच कळलं असेल.

एका रिसाल्याचे दोन रस्ते

संभाजीनगरात क्रांती चौकातून तुम्ही गेला असाल. तिथे काळा चबुतरा आहे. त्याची गोष्ट पदकांच्या इतिहासाबाहेरची वाटते, पण माझ्या मते ती त्याच्या मधोमध आहे.

१८५७ साली औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचा पहिला रिसाला होता. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमात चालणारी फौज. जून महिन्यात रिसाल्यात बातमी पसरली की आपल्याला निजामाच्या मुलखाबाहेर, थेट दिल्लीच्या बादशहाशी लढायला नेणार आहेत. स्वारांनी नकार दिला. आमची चाकरी दख्खनपुरती, असं त्यांचं म्हणणं. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली, तोफा रोखल्या गेल्या. जमादार मीर फिदा अली यांनी कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली, ती चुकली. त्यांना फाशी दिलं. आणखी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. काळ्या चबुतऱ्याशी आठवण जोडलेली आहे ती या लोकांची.

त्यानंतरच्या महिन्यांत याच कंटिंजंटचे रिसाले आणि पलटणी ह्यू रोजच्या फौजेबरोबर झाशी, काल्पी, ग्वाल्हेरकडे गेल्या. त्यांना पदक मिळालं. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला सिंहासह ब्रिटानिया, पट्टीवर 'सेंट्रल इंडिया' आणि कडेवर नाव.

म्हणजे एकाच फौजेतली माणसं. त्यांचा सराव एक, घोडे एक, पगार एक. ज्यांनी हुकूम मानला त्यांची नावं चांदीवर कोरली गेली. ज्यांनी मानला नाही त्यांच्यापैकी मीर फिदा अलींसारखं एखादंच नाव लोकांच्या तोंडी उरलं, तेही खटला आणि फाशी झाली म्हणून. बाकीच्यांची आठवण आपण एका चबुतऱ्यात गोळा करून ठेवली आहे, वीरगळीसारखी.

मला वाटतं, पदकाकडे बघताना ही गोष्ट कायम डोक्यात ठेवली पाहिजे. कोण शूर होता हे पदक सांगत नाही. कुणाचं शौर्य देणाऱ्याच्या कामाचं होतं, एवढंच ते सांगतं.

शौर्याचा पगार

शिपायाच्या बाजूने बघितलं तर एक पदक मात्र खरोखर कामाचं होतं. १८३७ साली कंपनीने देशी सैनिकांसाठी ऑर्डर ऑफ मेरिट सुरू केली. विलायतेत साध्या सैनिकाच्या शौर्यासाठी असा काही मान तेव्हा नव्हता. व्हिक्टोरिया क्रॉस आला १८५६ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी.

ऑर्डर ऑफ मेरिटचे तीन वर्ग होते. पहिल्या पराक्रमाला तिसरा वर्ग, पुन्हा तसंच शौर्य गाजवलं तर दुसरा, तिसऱ्यांदा गाजवलं तर पहिला. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक तृतीयांश वाढ, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. शिपायाचा पगार तेव्हा महिना सात रुपये. म्हणजे तिसऱ्या वर्गाचे सव्वादोन रुपयांच्या वर दरमहा जास्तीचे. आज हसू येईल, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तेवढ्या पैशाने सावकार दारात येत नसे. सभासदाच्या बखरीतलं ते निम्मं वेतन आठवतं ना? सैनिकाला चकतीबरोबर भाकरीही लागते, हे तोपर्यंत कंपनीलाही उमगलं होतं.

दुसरी बाजूही सांगतो. व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाल्यावर तो हिंदुस्थानी शिपायांना खुला नव्हता. त्यांच्यासाठी वेगळं पदक आहेच, असं कारण. हे दार उघडलं १९११ साली. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये जखमी अवस्थेत मशीनगन चालवत राहिलेले शिपाई खुदादाद खान हे त्याचे पहिले हिंदुस्थानी मानकरी.

चांदी कुणाला, कांस्य कुणाला

पहिलं महायुद्ध आलं तोवर औरंगाबादच्या त्या पहिल्या रिसाल्याचं नाव २० डेक्कन हॉर्स झालं होतं. १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, या रिसाल्याच्या स्वारांनी भाले सरसावून जर्मन मशीनगनींच्या दिशेने घोडे घातले. साठ वर्षांपूर्वी ज्या रिसाल्याने दख्खनची हद्द ओलांडायला नकार दिला, त्याचेच वारस आता युरोपातल्या गव्हाच्या शेतांतून दौडत होते. मराठा पलटणी तिकडे इराकच्या वाळवंटात होत्या. त्यांतल्या काही कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेल्यावर कैदेत खितपत पडल्या.

या युद्धानंतर निघालेलं ब्रिटिश वॉर मेडल आज महाराष्ट्रातल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त सापडतं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. लढणाऱ्यांना ते चांदीचं मिळालं. खंदक खणणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या, बोटींतून ओझी उतरवणाऱ्या लेबर कोअरच्या मजुरांना तेच पदक कांस्याचं. श्रीरंगपट्टणला हुद्दा बघून धातू बदलला होता, इथे काम बघून बदलला. पण दोन्हींच्या कडेवर नाव आहे.

याची किंमत कळायची तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचा विचार करा. त्या युद्धात तिथले ४६ जण गेले. त्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी गावात स्तंभ उभारला. महायुद्धानंतर अशा शिळा देशभरातल्या गावांत बसल्या, आणि त्यांतल्या बहुतेक शिळांचा साचा एकच : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके पडले. शिळा आकडा सांगते. पदक एकेका माणसाचं नाव सांगतं.

आणि हीच पदकं वितळतात. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये ही पदकं मोडीत निघाली. आपल्याकडे तर ते कायम चालू असतं. एकदा शहरातल्या सराफ्यात मी दुसऱ्याच कामासाठी बसलो होतो. शेजारचे एक काका मेडल तोलायला घेऊन आले होते. मुलीच्या मुलासाठी वाळे करायचे होते. मी विचारून ते हातात घेतलं, मोबाईलचा टॉर्च लावून कड वाचली. नंबर, शिपाई, नाव, मराठा पलटण. काका चमकले. ‘‘यावर आजाचं नाव आहे?’’ साठ वर्षं मेडल घरात होतं, पण इंग्रजी बारीक अक्षरं कुणी वाचली नव्हती. त्यांनी ते परत रुमालात बांधलं. वाळ्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण त्यांनी मेडल विकलं असतं तरी मी त्यांना नावं ठेवली नसती. चांदी घरच्या अडचणीलाच असते. वाईट एवढ्याचंच वाटतं की बऱ्याच घरांत आपण काय विकतोय हे न कळताच ते विकलं जातं.

घाडगे आणि जाधव

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही इटलीत, दोघेही साध्या घरांतले.

नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटेच पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आलं.

शिपाई नामदेव जाधव हे संगमनेरकडच्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्याबरोबरचे जवळजवळ सगळे पडले. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद केली आणि बंधाऱ्यावर उभं राहून मराठा पलटणीची गर्जना केली. ते जगले. १९८४ साली वारले.

जाधवांचं नाव इंग्रजी कागदांत कुठे 'जाधव' आहे, कुठे 'जादव'. लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं गेलं. आपली कित्येक नावं अशी वाकडी होऊन कडेवर बसली आहेत. तुमच्या घरच्या मेडलवर ओळखीचं नाव सापडलं नाही तर ते मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांना नाही, पण कानाला ओळख पटते.

एकच कांस्य

२६ जानेवारी १९५० रोजी भारताने स्वतःची शौर्यपदकं सुरू केली, १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरून. परमवीर चक्राचं रूप घडवलं सावित्री खानोलकर यांनी. जन्माने त्या स्विस. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राचं चार वेळा कोरलेलं वज्र. हे वज्र दधीची ऋषींच्या हाडांचं. देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ऋषीने हाडं दिली, ही गोष्ट त्या पदकात आहे.

पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याची साधी अट. इंग्रजांच्या पद्धतीत मिलिटरी क्रॉस अधिकाऱ्यांचा, मिलिटरी मेडल खालच्यांचं, हिंदुस्थान्यांसाठी आणखी वेगळी पदकं. आपल्या परमवीर, महावीर आणि वीर चक्रांत हुद्द्याचा भेद नाही. परमवीर चक्र मेजरला मिळो की शिपायाला, तेच कांस्य, तीच जांभळी फीत. शिपाई म्हणून भरती झालेले आणि पुढे अधिकारी झालेले कारवारचे राम राघोबा राणे एप्रिल १९४८मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढत होते. त्यांनाही हेच मिळालं. श्रीरंगपट्टणच्या कथलापासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

मराठवाड्याचा यात एक धागा आहे आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्याच्या चार दिवस आधी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय फौज निजामाच्या हद्दीत शिरली तेव्हा नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग लढताना पडले. मांडीला गोळी लागलेली असताना सरपटत जाऊन त्यांनी समोरच्या ठाण्यावर हातबॉम्ब फेकले. १९५२ साली अशोक चक्र सुरू झालं, त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत ते आहेत.

परमवीर किंवा महावीर का नाही? ती चक्रं शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, आणि हैदराबादची कारवाई सरकारी भाषेत युद्ध नव्हतं, 'पोलीस कारवाई' होती. गोळी तीच, मरण तेच. घटनेला नाव काय दिलं त्यावर पदक ठरलं. देश आपला झाला तरी पदकाचा हा स्वभाव काही बदलत नाही.

मग करायचं काय?

कॉलेजातली मुलं मला विचारतात, इंग्रजांच्या मेडलचा अभिमान कसला बाळगायचा? पारतंत्र्याचाच बिल्ला ना तो? प्रश्न रास्त आहे. क्रांती चौकातून रोज जाणाऱ्याला तो पडलाच पाहिजे.

माझं उत्तर असं : दर्शनी बाजूचा अभिमान बाळगायचं कारण नाही. तो राजा आपला नव्हता, त्या लढाया आपण ठरवल्या नव्हत्या. कितीतरी जण दुष्काळाला, कर्जाला कंटाळून भरती झाले होते. पण कड आपली आहे. साध्या कुणबी, महार, मराठा, दखनी मुसलमान घरातल्या माणसाचं नाव शंभर वर्षांपूर्वी कुठे लिहिलं जायचं? सातबाऱ्यावर, तेही जमीन असेल तर. सावकाराच्या वहीत. आणि या कडेवर. ते नाव पुसून इंग्रजांचं काही बिघडणार नाही, आपलंच एक माणूस कमी होईल.

तेव्हा घरी, आजोळी, कुणा नातेवाइकाकडे मेडल असेल तर ते उलटंसुलटं करून कड बघा. चिंचेने, रांगोळीने, पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात. खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून चारही बाजूंनी फोटो काढा. नंबर आणि पलटण आधी टिपून घ्या, कारण एकाच नावाचे अनेक शिपाई असायचे आणि शोध नंबरावरूनच लागतो.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कडेवर बापाचं नाव नसतं, गाव नसतं, बायकोचं नाव तर नसतंच. तो परत आला का? आला तर काय सांगायचा, की काहीच सांगायचा नाही? तो नसताना शेत कुणी केलं? हे सगळं फोनवर रेकॉर्ड करा, कागदावर लिहा आणि तो कागद मेडलच्या डबीत ठेवा. हे सांगू शकणारी आजी आज आहे, तोवरच हे जमेल.